चौतीस कळांचा संसार

आमच्या सासूबाईंचा उजवा हात दुखत नव्हता. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, आणि एकदा नव्हे, वर्षभर रोज सांगितलं. पेला हातातून निसटला तर पेला निसरडा होता. बरणी उघडेना तर झाकण मेलं वाकडं बसलं होतं. जिना उतरताना त्या डाव्या बाजूच्या भिंतीला धरून उतरायला लागल्या, तेव्हा उजवीकडच्या कठड्याला म्हणे गंज लागला होता. मी जाऊन कठड्यावरून हात फिरवून आले. गंज नव्हता.

सासूबाई टायपिस्ट आहेत. नोंदणी कचेरीच्या समोर एका वकीलसाहेबांचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. त्यातल्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, यांचं टेबल. भाडेकरार, खरेदीखत, मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र हे सगळं एकतीस वर्षं त्यांच्या बोटांखालून गेलं आहे. पहिली चौदा वर्षं टाइपरायटरवर आणि पुढची सतरा कॉम्प्युटरवर. सासरे लवकर गेले. मुलगा लहान होता, तो या टेबलाच्या जोरावर वाढला आणि माझ्या गळ्यात पडला. तेव्हा त्या टेबलाविषयी मी वाकडं बोलणार नाही. हाताविषयी मात्र बोलेन, कारण मी घरी शिवणकाम करते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाला अस्तर लावणं. ज्याचं पोट हातावर आहे त्याला दुसऱ्याचा दुखरा हात दारातून आत आला की कळतो.

म्हणून मी रोज बारा वाजता आणि चार वाजता त्यांना मेसेज करायचे, "हात कसा आहे? जेवलात का?" आणि रोज उत्तर यायचं, "हात बरा आहे. जेवले. काळजी नसावी." मग त्या मला उलट विचारायच्या, मी जेवले का म्हणून. मीही लिहायचे, "हो, जेवले." बाराला मी जेवलेले नसायचे, दोनलाही नसायचे. गिऱ्हाईक दारात उभं असलं की कोण जेवतंय? पण ते माझं खोटं होतं, आणि आपलं खोटं नेहमी सोयीचं असतं.

झाकली मूठ एके दिवशी उघडली. एका मृत्युपत्राच्या प्रत्येक ओळीत अक्षरं गळालेली निघाली, आणि ती सगळी उजव्या करंगळीची. करंगळीने कळ दाबली होती, पण कळेपर्यंत जोरच पोचला नव्हता. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं, नस दाबली जाते आहे. एक तर तीन महिने टायपिंग बंद, नाहीतर हात वाकडे करून बसायची पद्धत तरी बदला.

वकीलसाहेब वाईट माणूस नाहीत. पण त्यांच्या भाच्याने त्यांना बोललेलं आपोआप टाइप करणारा एक प्रोग्राम बसवून दिला होता, आणि नवा चष्मा घेतलेल्या माणसासारखे ते त्यातून जग बघत होते. ते म्हणाले, "बाई, दीड महिना बघू. नाही जमलं तर टाइप मी बोलून करीन. तुम्ही आपलं झेरॉक्स आणि स्टेपलर सांभाळा. बसूनच काम आहे."

स्टेपलर! घरी येऊन सासूबाई चप्पल न काढता खुर्चीत बसल्या. "एकतीस वर्षं कागद लिहिला," त्या म्हणाल्या, "आणि आता कागदाला टोचे मारू?" त्यांचे डोळे भरले होते. सासरे गेले त्याविषयी बोलतानाही मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं, खरंच सांगते.

माझा नवरा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने कुठून तरी एक कीबोर्ड मागवला. डबा उघडला तर आत दोन तुकडे.

"अरे, हा तर मोडूनच आला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तो तसाच असतो. एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. मध्ये वायर."

"आणि कळा? या एवढ्याच?"

"चौतीस."

"बाराखडी तरी मावते का त्यात?"

"ते तू ठरवायचं. कुठली कळ दाबली की काय उमटेल, ते आपणच लिहायचं. म्हणून तर कळांवर काही छापलेलं नाही."

सासूबाईंनी एक तुकडा हातात घेतला, पालथा केला, उताणा केला. चौतीस कोऱ्या कळा. एकतीस वर्षांत दुसऱ्याने ठरवलेल्या जागी बोटं नेणाऱ्या बाईला कोणी पहिल्यांदाच विचारत होतं की तुम्हाला काय कुठे हवंय. त्यांनी चष्मा पुसला. घरातली शांतता संपली ती त्या क्षणी.

नियम सोपा होता. जे अक्षर जास्त लागतं ते जवळ, धडधाकट बोटाखाली. कमी लागणारं लांब. मग कोणतं अक्षर किती लागतं ते मोजायला नको का? नवरा म्हणाला, कॉम्प्युटर दोन मिनिटांत मोजून देईल. सासूबाईंना ते पटेना. "त्याला काय कळतंय? मोजलेलं हाताखालून जायला पाहिजे." त्यांनी ऑफिसातून जुने चार कागद आणले. एक भाडेकरार, एक खरेदीखत, एक मृत्युपत्र, एक प्रतिज्ञापत्र. आणि खुणेसाठी घेतली माझी बटणं.

माझ्या बटणांच्या बरण्या म्हणजे माझा खजिना. पांढरी, काळी, चार भोकांची, दोन भोकांची, सगळी वेगळी. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडल्या होत्या. एका वाटीत त, एकीत र, एकीत न. अक्षर आलं की वाटीत बटण टाकायचं. कान्याची वाटी तर तिसऱ्या ओळीतच भरली. बटणं कमी पडायला लागली तेव्हा सासूबाईंनी एका गिऱ्हाइकाच्या कोटासाठी आणलेली चार तपकिरी बटणं न विचारता कान्याला घातली. आठवड्याने कोट न्यायला तो गृहस्थ आला, तर बटणं तीनच. घर उलटंपालटं केलं. शेवटी चारही बटणं दुसऱ्या रंगाची लावून दिली. तो जिना उतरेपर्यंत माझ्या हाताला यश नाही असं काहीबाही बोलत होता. सासूबाई आतून ऐकत होत्या आणि काना मोजत होत्या.

मग अक्षरांना जागा द्यायची वेळ आली. सासूबाईंनी त्याला घर भाड्याने देण्याचं रूप दिलं. तळमजला म्हणजे साधी कळ दाबली की उमटेल ते. एक अंगठा दाबून धरला की वरचा मजला. दोन्ही अंगठे दाबून धरले की माळा. अंगठ्यांच्या चार कळा सोडल्या तर तळमजल्यावर तीस खोल्या आणि अर्जदार साठ! रोज संध्याकाळी वाद. नवरा एखाद्या अक्षराची वकिली करायचा, सासूबाई वाटी दाखवायच्या.

"ज्याला सबंध खरेदीखतात सहा बटणं पडली त्याने तळमजला मागू नये," त्या म्हणायच्या. "'झ'ला वरच्या मजल्यावर टाक. ढ माळ्यावर जाऊ दे."

"आणि प्रश्नचिन्ह?"

सासूबाईंनी वाटी उलटी करून दाखवली. रिकामी. "दस्तात कोणी प्रश्न विचारत नाही. माळ्यावर, अगदी कोपऱ्यात."

म्हणजे दोन्ही अंगठे दाबून उजवी करंगळी ताणायची तेव्हा कुठे ते चिन्ह मिळणार. मी विचारलंसुद्धा, घरच्या बोलण्यात लागेल की. त्यांनी मला उडवून लावलं. मोजणी दस्तांची झाली होती, घरच्या गप्पांना त्या वाट्यांत एक बटण पडलं नव्हतं. व्हायचं तेच झालं. "लिहून देणार व लिहून घेणार" पाण्यासारखं वाहायला लागलं, आणि "फोन कर" लिहायचं तर दोनदा जिना चढावा लागे.

अंगठ्यांचं त्यांना सगळ्यात जास्त हसू आलं. एकेका अंगठ्याला दोन कळा होत्या, आणि जुन्या कीबोर्डवर अंगठ्याला जागा सोडण्यापलीकडे काम नसे. "एकतीस वर्षं अंगठाबहाद्दरांचे अंगठे घेतले मी कागदावर," त्या म्हणाल्या, "आता माझेच अंगठे कामाला लागले." चार कळांपैकी दोन मजल्यांसाठी गेल्या, एक शब्दांमधल्या जागेसाठी. डाव्या अंगठ्याखालची एक उरली. अगदी मोक्याची. नवरा म्हणाला, तिच्यावर आख्खं वाक्य बसवता येतं, एकदा दाबलं की पूर्ण ओळ उमटते. "सदरहू मिळकत" घालू का? सासूबाई म्हणाल्या, "बघू. ती राखीव."

माझं काम मापाचं. खाकी कागदावर त्यांचे दोन्ही पंजे ठेवून मी खडूने रेखले. पाचही बोटं सारखी नसतात हे आपण नुसतं म्हणतो, पण सासूबाईंची उजवी करंगळी डावीपेक्षा जवळजवळ अर्ध्या नखाने आत वळलेली निघाली. मी पुन्हा मोजलं. त्यांनी हात मागे घेतला. "माझा हात आधीपासूनच तसा आहे," म्हणाल्या. मी खांद्यांचं माप घेतलं आणि दोन तुकडे तेवढ्या अंतरावर ठेवले. तुकडे तिरके बसावेत म्हणून नवऱ्याने लाकडाच्या पाचरी केल्या. एकदा त्यांना चढ जास्त वाटला, एकदा कमी. चार वेळा फिटिंग झालं. इतकी फिटिंग्ज मी लग्नाच्या कोटालाही देत नाही.

तीन आठवडे घरी सराव करून सासूबाई आपला संसार पिशवीत घालून ऑफिसला गेल्या. पुढचं मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्या हसत नव्हत्या. समोर एक भाडेकरू बसला होता. करारातला पहिला परिच्छेद त्यांनी सुरेख टाइप केला. बोटं घरच्या वेगाने नव्हे, ऑफिसच्या वेगाने पळायला लागली. पूर्णविराम आला, आणि त्यांच्या डाव्या हाताने उठून कीबोर्डच्या कडेला एक चापट मारली.

टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हाताने दांडी ढकलावी लागते. कॉम्प्युटर आला, दांडी गेली, चापट राहिली. सतरा वर्षं दर परिच्छेदाला त्या जुन्या कीबोर्डच्या डाव्या कडेला एक चापट मारायच्या आणि मग उजव्या करंगळीने नवी ओळ घ्यायच्या. तो जुना कीबोर्ड पाटासारखा जड, त्याने निमूट खाल्ल्या. हा नवा तुकडा हलका. तो टेबलावरून उडाला, वायर ताणली गेली आणि पाचरीसकट भाडेकरूच्या मांडीवर जाऊन पडला. त्याने तो दोन्ही हातांनी उचलून अदबीने परत दिला. "बाई, हे तुमचं." वकीलसाहेबांनी स्टेपलर यांच्या बाजूला सरकवला.

त्या दिवशी घरी वादळ होतं. नवरा म्हणाला, "आई, ती सवय आता सोड."

"सवय एकतीस वर्षांची आहे आणि हे तुझं खेळणं एक महिन्याचं. पाहुण्याने घरच्यांना वळण लावायचं?"

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही. जमणार नाही मला. झेरॉक्स करीन मी." आणि त्या आत जाऊन बसल्या.

आता मलाही राग आला. रागात मला चांगलं सुचतं, हे माझे शत्रूही मान्य करतील. मी नवऱ्याला म्हटलं, "गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर आपण गिऱ्हाईक आवळतो का? कपडा सैल करतो. त्यांना चापट मारायची आहे ना? मारू दे. चापटीलाच कामाला लाव."

दोन दिवसांत पस्तिसावी कळ तयार झाली. तळहाताएवढा लाकडी ठोकळा, टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळलेला, आत एक मोठी कळ, वर मी जुन्या कोटाच्या अस्तराची भरीव गादी शिवून बसवली. त्या ठोकळ्याला चापट मारली की नवी ओळ. म्हणजे दर परिच्छेदाला करंगळीला जो हेलपाटा पडायचा तोच संपला. सासूबाईंनी एक चापट मारली. दुसरी मारली. मग कारण नसताना सात-आठ मारल्या. पडद्यावर कोऱ्या ओळी पळत होत्या आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा झाला होता.

दीड महिना संपायच्या दिवशी वकीलसाहेबांनी एक मृत्युपत्र मोठ्याने सांगायला घेतलं. एकीकडे त्यांचा प्रोग्राम ऐकत होता, दुसरीकडे सासूबाई. अर्ध्या तासाने दोन्ही कागद शेजारी ठेवले. सासूबाईंचा कागद स्वच्छ. प्रोग्रामच्या कागदावर म्हाताऱ्या गृहस्थांनी घर थोरल्या मुलाला, दुकान धाकट्याला आणि "पंखा जरा कमी करा हो, कागद उडतायत" हे मुलीला दिलं होतं. म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हे बाईंचं घ्या." वकीलसाहेबांनी स्टेपलर उचलून खणात ठेवला. नंतर एकदा बाई चहाला गेल्या असताना त्यांनी तो कीबोर्ड वापरून पाहिला म्हणे, आणि स्वतःचं आडनाव शोधता शोधता चहा संपला.

आम्ही घरी गोडधोड केलं. टेबल राहिलं होतं. आणि त्यानंतर बाराचं आणि चारचं उत्तर कसं पटकन यायला लागलं! मी पाठवते न पाठवते तोच, "हात बरा आहे. जेवले. काळजी नसावी." मला समाधान वाटायचं. बोटं किती सुटली आहेत बघा, असं मी शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

पुढच्या आठवड्यात त्या चष्म्याची डबी घरी विसरल्या. मी द्यायला गेले. बारा वाजत आले होते, म्हणून सवयीने ऑफिसच्या दारातूनच मेसेज पाठवला आणि आत पाऊल टाकलं. सासूबाईंची माझ्याकडे पाठ होती. उजवा हात त्यांनी डाव्या काखेत दाबून धरला होता आणि अंग किंचित पुढेमागे हलत होतं. कॉम्प्युटरवर माझा मेसेज आला. त्यांनी वर न बघता डाव्या अंगठ्याने एकच कळ दाबली. माझ्या हातातला फोन वाजला.

हात बरा आहे. जेवले. काळजी नसावी.

जेवणाचा डबा खिडकीत तसाच होता, न उघडलेला. मी जवळ गेले. त्या राखीव कळेवर, अंगठ्याला न बघता सापडावं म्हणून, एक तपकिरी बटण चिकटवलेलं होतं. कोटाचं. चौथं.

"आई," मी म्हटलं.

त्या दचकल्या, हात काखेतून काढून मांडीवर ठेवला. मग माझी नजर कुठे आहे ते त्यांना दिसलं. "बटण भरून देणार होते मी तुझं," त्या म्हणाल्या.

"बटण गेलं खड्ड्यात! किती दिवस चाललंय हे?"

"कीबोर्ड ऑफिसात बसला तेव्हापासून." आणि वर मलाच समजावायला लागल्या. "तूच बघ ना, जे सगळ्यात जास्त वेळा लागतं ते जवळ, हाच नियम होता की नाही? दिवसातून दोनदा, वर्षभर, हेच एक वाक्य. सगळ्या दस्तांत मिळून दुसरं कुठलं वाक्य इतक्या वेळा आलेलं नाही. मोजून बघ. आणि या कीबोर्डवर घरचं काही लिहायचं म्हणजे नुसती चढउतार. म्हणून तुझं वाक्य सगळ्यात चांगल्या जागी ठेवलं."

माझं वाक्य, म्हणे! मला हसू यायला हवं होतं, पण मला रडू आलं आणि त्याचा आणखी राग आला. "म्हणजे हात तुटून पडला तरी अंगठा मला कळवणार, बरा आहे! मग तुमचा हात खरंच कसा आहे ते मी कोणाला विचारू? वकीलसाहेबांना?"

आतल्या खोलीत वकीलसाहेबांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला, पण बाहेर यायची त्यांची हिंमत झाली नाही. सासूबाई म्हणाल्या, "दुखतोय म्हटलं की लोक खुर्ची काढून घेतात गं."

"मी लोक आहे का?"

 मी चष्म्याची डबी ठेवली आणि निघून आले. घरी नवऱ्याला विचारलं, तुला माहीत होतं? तर म्हणे, वाक्य मीच बसवून दिलं, पण आईने सांगू नको म्हटलं होतं. त्याच्याशी मी त्या दिवशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मेसेज पाठवला. उत्तर नाही. सव्वाबारा झाले. मी एक पँट उसवत होते, तीच शिवण दोनदा उसवली. आपण जास्त बोललो का, असं वाटायला लागलं. बारा पंचवीसला फोन वाजला.

"करंगळी दुखते आहे. सकाळी जास्त होती, आता कमी. वकीलसाहेबांना सांगितलं, ते म्हणाले दर तासाला दहा मिनिटं थांबत जा, खुर्ची कुठे जात नाही. डबा आता उघडते. तू जेवलीस का?"

मी ते दोनदा वाचलं. तो कीबोर्ड मी मापला होता, प्रत्येक अक्षर कुठल्या खोलीत राहतं ते मला पाठ होतं. बोटाने हवेत मोजून पाहिलं, तर शंभराच्या वर कळा झाल्या. शेवटचं चिन्ह तर माळ्यावर, अगदी कोपऱ्यात. दोन्ही अंगठे दाबून ती दुखरी करंगळी ताणल्याशिवाय ते मिळत नाही.

दारात गिऱ्हाईक उभं होतं. माझी बोटं सवयीने "हो, जेवले" लिहायला लागली होती. मी ते पुसलं. गिऱ्हाइकाला सांगितलं, अर्ध्या तासाने या, आणि कात्री खाली ठेवून ताट वाढून घेतलं. मग लिहिलं, "नाही. आत्ता बसते आहे."